मदत हवी आहे: शिफारसपत्र लिहिणाऱ्या शिक्षकांचे आभार मुलांनी कसे मानावेत?

नमस्कार मंडळी. मी शांघायमधल्या एका आंतरराष्ट्रीय शाळेत कॉलेज काउन्सेलर आहे. बारावीची मुलं अमेरिका आणि ब्रिटनला अर्ज करतात. १५ ऑक्टोबरला ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या अर्जांची मुदत संपते, १ नोव्हेंबरला अमेरिकेतल्या बऱ्याचशा अर्ली अर्जांची, म्हणजे निकाल लवकर कळावा म्हणून आधी करायच्या अर्जांची. त्याआधीचे कितीतरी शनिवार-रविवार आमचे शिक्षक शिफारसपत्रं लिहिण्यात घालवतात, आणि त्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत. कॉमन ॲपवर, म्हणजे अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांना एकाच ठिकाणाहून अर्ज करायच्या वेबसाइटवर, बहुतेक मुलं ती पत्रं वाचण्याचा हक्क सोडून देतात, त्यामुळे आपल्याबद्दल सरांनी काय लिहिलं हे त्यांना कधी कळतही नाही. मला हे फार मोलाचं देणं वाटतं.

इथला शिक्षकदिन १० सप्टेंबरला, तोवर बरीचशी मुलं परदेशी गेलेली असतात. पालक महागड्या भेटी पाठवतात, पण त्या घ्यायला शाळेची मनाई आहे आणि ते योग्यच आहे. वर्गात आभाराची कार्डं लिहून घेतली, तर सगळ्यांचा मजकूर जवळपास एकच! निरोप समारंभातली भाषणंही तशीच झाली.

मे महिन्यात, कॉलेजांचे निर्णय कळल्यावर, मला एक तास मिळेल. बऱ्याच मुलांची मातृभाषा मँडरिन आहे. मँडरिनमध्ये लिहिलं तरी चालेल. हवं ते कॉलेज न मिळालेली मुलंही वर्गात असतील, त्यांना अवघडल्यासारखं व्हायला नको.

शिक्षक किंवा काउन्सेलर असलेल्यांनी सांगा: मुलांना नेमका कोणता प्रश्न विचारला, तर ती त्या एका शिक्षकाबद्दल मनापासून, स्वतःचं असं काही लिहितील?