शाकाहारी घरात मेंदूत पट्टकृमी कसा काय?

होटगीरोडकर: धाकट्या भावाला फिट आली, एमआरआयमध्ये मेंदूत पट्टकृमीची गाठ निघाली. आमच्यात अंडंपण शिजत नाही ओ, मग हे आलं कुठनं?

सांगोलेकर: दादा, डुकराचं अर्धकच्चं मटण खाल्लं तर हा जंत, म्हणजे पट्टकृमी, आतड्यात होतो. मेंदूतली गाठ होते त्याच्या अंड्यांनी, अन् ती अंडी जंत असलेल्या माणसाच्याच संडासातनं मातीत, पाण्यात, तिथनं कोथिंबिरीवर येत्यात म्हणून शाकाहारीपण सुटत नाही. १८५५ ला क्युशेनमाइस्टर नावाच्या जर्मन डॉक्टरनं फाशीच्या कैद्याला डुकराच्या मटणातल्या गाठी खाऊ घालून त्यातनं जंत होतो हे दाखवलं, वाचूनच कसंतरी झालं. अन् जंताच्या गोळ्या मनानं देऊ नका, गाठ मरताना सूज येऊन फिट वाढू शकते, न्यूरोवाल्यांनाच विचारा.

मेंढरंवाला: कुत्र्याचा पट्टकृमी वेगळा, त्याच्या पाण्याच्या गाठी मेंढराच्या अन् माणसाच्याबी लिव्हरात होत्यात. गाठीवालं काळीज कुत्र्याला टाकू नका, आम्ही खोल पुरतो.

होटगीरोडकर: लई आभार, उद्याच डॉक्टरांना भेटतो.