लॅब्रेडॉरचा कान थेंबांनी बरा होतो आणि पुन्हा वाहू लागतो : मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही चिपळूणला राहतो आणि आमच्याकडे साडेपाच वर्षांची लॅब्रेडॉर कुत्री आहे. तिचे नाव राणी. मृगाचा पाऊस सुरू झाला की तिच्या कानांचे दुखणे डोके वर काढते आणि गणपती येईपर्यंत या ना त्या रूपाने चालूच राहते. सुरुवातीला ती नुसती डोके झटकते, मग मागच्या पायाने कान खाजवते आणि पुढे पुढे तर कान फरशीला घासत चालते. उजव्या कानाची पाळी उलटी करून पाहिली तर आतली कातडी लाल व गरम लागते, घड्यांमध्ये तपकिरी, चिकट मळ साचलेला असतो आणि त्याला आंबूस वास येतो.

यंदा मात्र डाव्या कानाचे लक्षण वेगळे आहे. त्यातून पिवळसर, पातळ पू वाहतो, वास फार उग्र आहे आणि कान इतका ठणकत असावा की जी कुत्री नातवंडांना शेपटी ओढू देते, ती कानाजवळ हात नेला तरी गुरगुरते. तिचे हे हाल बघवत नाहीत.

आमच्या डॉक्टरांनी आजवर प्रत्येक वेळी जेंटामायसिन, क्लोट्रिमाझोल आणि बीटामेथासोन यांचे मिश्रण असलेले थेंब दिवसातून दोनदा, आठवडाभर घालायला सांगितले आहेत. ते आम्ही सांगितले तितके दिवस, न चुकता घालतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी खाज थांबते, वास जातो. परंतु काही आठवड्यांत उजवा कान पुन्हा पहिल्यासारखा होतो आणि पुन्हा तीच बाटली लिहून मिळते. कानात दुर्बीण घालून पाहणे किंवा मळ तपासणे आजपर्यंत झालेले नाही. डॉक्टरांना दोष देण्याचा हेतू नाही, कारण आसपासच्या गावांतील गाईम्हशींची बाळंतपणेही त्यांनाच पाहावी लागतात. तरीही त्यांच्याकडे नेमके काय मागावे, हे मला समजून घ्यायचे आहे.

मागच्या वेळची अर्धी बाटली शिल्लक आहे. ती डाव्या कानात घातलेली चालेल का? मेडिकलवाले माणसांचे थेंब देऊ पाहत आहेत, आणि घरातील वडीलधारी मंडळी लसूण घालून कढवलेले खोबरेल तेल सुचवतात; मला दोन्हींची भीती वाटते. दुखऱ्या कानात थेंब घालण्याची एखादी सोपी रीत कुणी सांगितली तर उपकार होतील. आणि मुख्य प्रश्न असा की, हे दुखणे वरचेवर का उलटते? ती वाशिष्ठीच्या पाण्यात क्वचितच उतरते, पण पुढचे पंजे मात्र बारा महिने चाटत असते. त्याचा याच्याशी काही संबंध असेल का?

प्रतिसाद : सातारा

मी पशुवैद्य नाही. आमच्या कॉकर स्पॅनियलच्या कानांपायी जे शिकावे लागले, तेच लिहितो.

शिल्लक बाटली कृपया वापरू नका, आणि माणसांचे थेंबही नकोत. कुत्र्याच्या कानाची नळी आधी सरळ खाली उतरते आणि मग नळाच्या कोपरासारखी वळून आत जाते. पडदा त्या वळणापलीकडे असतो, त्यामुळे पाळी कितीही उलटली तरी तो दिसत नाही. पडदा फाटलेला असताना जेंटामायसिन किंवा निओमायसिनसारखे औषध मधल्या व आतल्या कानापर्यंत पोहोचले, तर ऐकू येणे आणि तोल सांभाळणे या दोन्हींना धोका संभवतो. डावा कान ज्या प्रकारे वाहतो आहे, ते पाहता आधी ओटोस्कोपने, म्हणजे कान पाहण्याच्या दुर्बिणीने, पडदा पाहिला जाणे अत्यावश्यक आहे.

दुसरी मागणी स्लाइडची करा. दोन्ही कानांतील मळ वेगवेगळ्या कापसावर घेऊन काचेवर फिरवतात, रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्याला फार वेळ लागत नाही. तपकिरी, आंबूस मळ बहुधा मॅलेसेझिया नावाच्या बुरशीचा असतो. पिवळा, उग्र वासाचा पू आणि असह्य वेदना असतील तर स्यूडोमोनाससारख्या दांडीच्या आकाराच्या जीवाणूंचा संशय घ्यावा लागतो, आणि ते अनेक प्रतिजैविकांना दाद देत नाहीत. अशा वेळी पू कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून तपासायला, पाठवून कोणते औषध लागू पडते हे पाहणे शहाणपणाचे असते. अर्थात नुसत्या रंगावरून किंवा वासावरून निदान होत नाही. म्हणूनच स्लाइड हवी.

आता तुमचा मुख्य प्रश्न. त्या थेंबांतील बीटामेथासोन हे स्टेरॉइड आहे. सूज आणि खाज त्याने लवकर उतरते, त्यामुळे नळीच्या तळाशी जंतू शिल्लक असले तरी कान बरा झाल्यासारखा वाटतो. उपचार कधी थांबवायचा हे खाजेवरून न ठरवता फेरतपासणीच्या स्लाइडवरून ठरवावे, असे आमच्या डॉक्टरांनी बजावले होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मोठ्या कुत्र्याचे कान वरचेवर धरत असतील तर त्यामागे बहुतेक वेळा त्वचेची ॲलर्जी असते. जंतू नंतर येऊन बसतात आणि पावसाळ्यातील दमटपणा त्यांना पोषक ठरतो. वर्षभर पंजे चाटणे ही मला तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची खूण वाटते. डॉक्टरांना ती आवर्जून सांगा, कारण कान दाखवायला गेलेला माणूस पंजांविषयी सहसा बोलत नाही. आहाराची ॲलर्जी तपासायची असेल तर किमान आठ आठवडे, पूर्वी कधीही न खाल्लेल्या प्रथिनावर ठेवून पाहावे लागते.

खोबरेल तेलाचा आग्रह प्रेमापोटीच होत असणार, परंतु या बुरशीला मेद मानवतो आणि आधीच सोललेली कातडी लसणाने आणखी भाजते. कापसाच्या काड्याही आत घालू नका, मळ त्यांनी खालीच दाबला जातो. डोके एका बाजूला कलणे, चालताना तोल जाणे, डोळ्यांची बुबुळे आपोआप हलत राहणे यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

प्रतिसाद : पणजी

थेंब घालण्याबद्दल तेवढे लिहिते. आधी डॉक्टरांकडून वेदनाशामक मागून घ्या. ठणका कमी झाल्याशिवाय कोणतीही युक्ती चालत नाही. बाटली काही वेळ मुठीत धरून कोमट करा, कारण थंड थेंबाने जनावर दचकते. राणीला कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून बसवा आणि एकाने तिची हनुवटी हलकेच धरावी. दुसऱ्याने पाळी सरळ वर उचलावी, थेंब नळीच्या तोंडाशी सोडावेत आणि पाळी न सोडता कानाच्या मुळाशी, जबड्याच्या मागे, अर्धा मिनिट चोळावे. आतून पचपच असा आवाज आला की औषध खाली उतरते आहे असे समजावे. त्यानंतर तिला डोके झटकू द्या. बाटलीचे टोक कानाला टेकवू नका, नाहीतर एका कानातील जंतू दुसऱ्या कानात जातील. लगेच उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्या, आणि गुरगुरणे वाढले तर मुसके बांधायला संकोच करू नका.

कान धुण्याचे औषध दिले असेल तर धुणे आधी, मग बाहेर आलेला मळ कापसाने टिपून घेणे, आणि कान कोरडा झाल्यावर थेंब. दोन्ही लागोपाठ घातले तर थेंब पातळ होऊन जातात.

धागाकर्तीकडून

दोघांचेही मनःपूर्वक आभार. स्लाइडचा विषय काढल्यावर आमच्या डॉक्टरांनी ती आनंदाने करून दिली. उजव्या कानात बुरशी आहे, डाव्यात दांडीच्या आकाराचे जीवाणू. डावी नळी इतकी सुजली आहे की पडदा दिसलाच नाही. म्हणून त्या कानात सध्या कोणतेही थेंब न घालता सूज उतरवण्यासाठी पोटातून गोळ्या सुरू केल्या आहेत, पू कल्चरला पाठवला आहे आणि सूज उतरल्यावर पुन्हा दुर्बिणीने पाहणार आहेत. उजव्या कानात कोमट बाटलीची युक्ती लागू पडली.

पंजांविषयी सांगितल्यावर डॉक्टरांनी आहाराची चाचणी करून पाहण्यास संमती दिली. राणीने आजवर कोंबडी, अंडी, दूधभात आणि बांगडा खाल्लेला आहे. मटण तिला कधीच दिलेले नाही. बोकडाचे मटण आणि रताळे असा आहार घरी शिजवून कुणी इतके आठवडे चालवला आहे का? मोठ्या जातीच्या कुत्रीला त्यात कॅल्शियम व इतर पूरके किती लागतात हे डॉक्टरांना विचारणारच आहे. परंतु थेंबांनंतरच्या अंड्याच्या तुकड्याऐवजी बक्षीस म्हणून काय द्यावे, आणि घरात रोज मासळी शिजत असताना तिला त्यापासून दूर कसे ठेवावे, हे अनुभवी मंडळींनी सांगावे. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात कानाच्या किंवा त्वचेच्या तक्रारींसाठी कुणी कुत्रे नेले असेल, तर तेही कृपया कळवावे.