आजोबांच्या एचएमटी जनता घड्याळाची डायल बदलू का?

टिळकवाडीकर: चावीची आहे, १७ ज्वेलची (आत झीज कमी करणारे १७ खडे). खडेबाजारात दाखवली तर रिपेरवाला म्हणतो मेनस्प्रिंग (चावी दिल्यावर घड्याळ चालवणारी स्प्रिंग) गेलीय, नवी घालतो, पण डायलपण रंगवून देतो, काटे बदलतो, एकदम कोरी दिसेल बघा. डायल पिवळी पडलीय, सहाजवळ ओलीचा डाग आहे. काय करू?

निपाणीचा: स्प्रिंग, काच, गॅस्केट (पाणी आत जाऊ न देणारी रबरी कडी) बिनधास्त बदल, ती झिजणारीच असतात. डायलला हात लावू देऊ नको हां! रंगवलेल्या डायलवर अक्षरं जाड येतात, मिनिटाच्या रेषा वाकड्या, लगेच कळतं. काढलेले पार्ट मात्र पुडीत बांधून परत माग.

खानापूरवाली: मला नाही पटत. घालायचीच आहे ना, मग स्वच्छ दिसली तर बिघडलं काय? आमच्या मामांनी रंगवून घेतली, रोज घालतात.

निपाणीचा: ताई, स्वतः घालायला काही हरकत नाही, पण उद्या विकताना ‘ओरिजिनल’ म्हणून विकली तर ती फसवणूकच की. एचएमटीनं १९६१ ला सिटिझनच्या मदतीनं बंगळूरात घड्याळं सुरू केली, आता तो कारखानाच बंद, जुनी डायल गेली की गेली.

टिळकवाडीकर: स्प्रिंग आणि काचच सांगून आलो. डाग राहू दे, आजोबा घड्याळ घालूनच विहिरीवर जायचे.