गम्बो, ग्रिट्स आणि रविवारचा ब्रंच : लुइझियानातल्या खाण्याचे अनुभव लिहा

घोसाळं
काल लाडवांसाठी बेसन भाजत होते. मध्येच फोन आला, हात थांबला आणि बेसन थेट कॉफीच्या रंगावर गेलं. नवरा आतून ओरडला, "गम्बो करतेयस का?" गॅस बंद केला आणि हसत बसले. (गम्बो म्हणजे लुइझियानाचा दाट रस्सा, त्यासाठी पीठ असंच गडद भाजतात.)

आम्ही २००९ ते २०१२ बॅटन रूजला होतो. त्याची पीएचडी, मी डिपेंडंट व्हिसावर घरात, पैशांची कायम बोंब. पण महिन्यातून एका रविवारी अकराच्या सुमाराला एका छोट्या क्रिओल हॉटेलात जायचं म्हणजे जायचंच. चर्चमधून थेट आलेल्या, मोठाल्या टोप्या घातलेल्या आज्या, प्लास्टिकचे टेबलक्लॉथ, प्रत्येक टेबलावर तिखट सॉसची बाटली. वाढणारी बाई सगळ्यांना "बेबी" म्हणायची. माझ्या नवऱ्यालाही. तो दर वेळी लाजायचा.

२०११ मध्ये आई आली होती, तिलाही नेलं. गम्बोचा पहिला चमचा तोंडात घातला आणि म्हणाली, "पीठ करपलंय गं ह्यांचं." बाईने विचारलं, मदर काय म्हणतेय? मी म्हटलं, आवडलं म्हणतेय. तिने आईच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि सरळ आत जाऊन आचाऱ्याला घेऊन आली! मग खरं सांगावंच लागलं. तो साठीचा गृहस्थ हसला आणि आईला स्वयंपाकघराच्या दाराशी घेऊन गेला. पातेल्यात तेल-मैद्याचा रू होता, चॉकलेटच्या रंगाचा. त्याने घड्याळावर बोट फिरवून दाखवलं. आईने हवेत उलथनं फिरवून दाखवलं. साडीवर स्वेटर, पायात माझे बूट, इंग्रजीचा एक शब्द नाही. परत येऊन म्हणाली, "करपलं नाहीये. मुद्दाम तिथवर नेलंय. तासभर हलतच नाही बिचारा तिथून." मग अख्खा वाडगा संपवला.

अजून साताऱ्याला कुणाचं बेसन जास्त भाजलं गेलं की ती म्हणते, असू दे, अमेरिकेचा लाडू आहे.

तुमचेही असे किस्से असतील तर येऊ द्यात.

रविवारची_झोप
ग्रिट्स, म्हणजे मक्याच्या भरडीची खीर, हा फोडणी विसरलेला उपमा. वरच्या कोळंबीसाठी माफ केलं. पर्समध्ये लोणच्याची पुडी ठेवायची, काम होतं. कुकर झाला, पळते.

मिसिसिपीकाठ
आई भारीच! ते हॉटेल क्रिओल की केजन हे जंबालाया, म्हणजे त्यांचा सॉसेज घातलेला भात, बघून कळतं बरं का. तांबडा, टोमॅटो घातलेला असेल तर क्रिओल, म्हणजे न्यू ऑर्लिन्सची शहरी पद्धत, फ्रेंच-स्पॅनिश-आफ्रिकन सगळं मिसळून. तपकिरी आणि बिनटोमॅटोचा असेल तर केजन. ही मंडळी मूळची कॅनडातल्या अकेडियाची, म्हणजे आजचं नोव्हा स्कोशिया वगैरे. १७५५ पासून इंग्रजांनी त्यांना हाकललं, त्यातली बरीच फिरत फिरत इथल्या पाणथळ भागात आली. कांदा, सेलरी, ढोबळी मिरची हे त्रिकूट मात्र दोघांकडे. आपलं आलं-लसूण-मिरची तसं.

आणि ब्रंचचं म्हणाल तर इथे तो शब्द येण्याआधीपासून आहे. फ्रेंच मार्केटजवळ मादाम बेगे म्हणून बाई होत्या, एकोणिसाव्या शतकात. बाजारातले खाटीक पहाटेपासून राबून अकराला मोकळे व्हायचे, त्यांना त्या 'दुसरी न्याहारी' वाढायच्या. भरपेट, अनेक पदार्थ, वर वाइन. बघताबघता प्रवासी रांगा लावायला लागले. आज झुंबराखाली बसून ब्रंच करणाऱ्यांनी खाटकांचे आभार मानायला हवेत.

उकडगरा
मला एकच कळत नाही. आपण भेंडी चिकट होऊ नये म्हणून धुतो, पुसतो, आमसूल घालतो, झाकण ठेवत नाही. आणि हे लोक चिकटपणा हवा म्हणूनच भेंडी घालतात!! गम्बो हे नावच म्हणे पश्चिम आफ्रिकेतल्या भेंडीच्या नावावरून आलंय. गुलाम करून आणलेल्या लोकांबरोबर भाजीही आली आणि शब्दही. माझ्या सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, म्हणजे तुझी भेंडी गम्बोच असते.

चिंगी
@उकडगरा हाहाहा. चिरल्यावर दहा मिनिटं पसरून ठेव, मीठ शेवटी.

उकडगरा
शेवटीच घालते गं. कढई चुकतेय बहुतेक. लोखंडाची घ्यावी का?

केळफूल
शाकाहारी माणसाची व्यथा कोणी ऐकणार का? कॉन्फरन्सला गेले होते, सोमवारी दुपारी मेनूवर लाल बीन्स आणि भात. म्हटलं देव पावला, राजमा-चावल! दोनदा विचारलं, मांस नाही ना? "नो मीट." दुसऱ्याच घासाला सॉसेजचा तुकडा. परत बोलावलं तर निरागसपणे म्हणतो, हे मीट नाही, हे चवीपुरतं आहे. चवीपुरतं!! मीठ आहे का ते? तीन दिवस पॅं पेर्दूवर काढले. नाव फ्रेंच आहे हो, शिळ्या पावाचा टोस्टच तो, अंडं चालतं म्हणून निभावलं.

मिसिसिपीकाठ
@केळफूल सोमवारच होता ना, मग बरोबर. सोमवार हा कपडे धुण्याचा वार. बायका बीन्स चुलीवर ठेवून धुण्याला बसायच्या, रविवारचं उरलेलं डुकराचं हाड आत टाकायच्या. वॉशिंग मशीन येऊन जमाना झाला, वार तोच.

तुला हिरवा गम्बो सुचवणार होते. अगदी आपली ऋषीची भाजी! ईस्टरच्या आदल्या गुरुवारी करतात, सात-नऊ तऱ्हांचा पाला, संख्या विषमच हवी, आणि जितके पाले तितके नवे मित्र मिळतात म्हणे. डूकी चेज हॉटेलच्या लिया चेज बाईंचा प्रसिद्ध. २०१९ मध्ये गेल्या त्या. नागरी हक्क चळवळीतली गोरी-काळी मंडळी कायद्याने एकत्र जेवायला बंदी असताना त्यांच्याकडे वरच्या खोलीत बसून गम्बो खायची. पण सुचवत नाही, कारण त्यांच्या त्या गम्बोत पाल्यापेक्षा मांस जास्त :)

केळफूल
बघा!!

खारीबिस्किट
न्यू ऑर्लिन्सचं कॅफे द्यू मोंद. काळा स्वेटर. बेन्ये. पुढचं सांगायलाच नको.
बरं सांगतेच. एका प्लेटीत तीन चौकोनी तळलेले पाव आणि त्यावर पिठीसाखरेचा डोंगर. खाताना हसायचं नाही, शिंकायचं नाही, बोलायचं नाही. मी हसले. समोर सासरे बसले होते. १८६२ पासून हे दुकान असंच लोकांवर साखर उधळतंय म्हणे. सासऱ्यांनी मिशा पुसत कॉफीचा घोट घेतला आणि म्हणाले, "अरे, ही तर आपली माटुंग्याची!" आणि खरंच, चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळायचं ते भाजलेलं मूळ! यादवी युद्धात बंदराची नाकेबंदी झाली, कॉफी मिळेना, म्हणून चिकोरी मिसळायला लागले. पुढे कॉफी आली, पण जिभेला सवय लागली होती. सासऱ्यांनी चार डबे घेतले, बॅगेचं वजन वाढलं, माझे बूट काढून ठेवावे लागले.

आडगावचा
माटुंग्याला हल्ली कॉफी पावडर ताजी दळून कुठे मिळते? ऐंशी-वीसवाली हवी आहे.

खारीबिस्किट
@आडगावचा स्टेशनसमोरच्या गल्लीत विचारा, वासानेच सापडेल.

तांबडी_माती
मी अमेरिकेत राहिलेलो नाही, पण क्रूझवर आठ वर्षं किचनला होतो. न्यू ऑर्लिन्सला बोट लागली की चार तास मिळायचे. आम्ही गोंयकार चार जण धावत सुटायचो. जंबालाया पहिल्यांदा खाल्ला तेव्हा आमचा एक म्हातारा कुक म्हणाला, हा चोरीस पुलाव ह्यांना कोणी शिकवला? तांदूळ, धुरावलेलं सॉसेज, कांदा. फक्त आमच्या चोरीसाचा व्हिनेगरचा आंबटपणा नाही. कालवं मात्र त्यांची वेगळी, शिंपल्यातच निखाऱ्यावर, वर लोणी-लसूण. ती खाताना बोट चुकायची वेळ आली होती एकदा. ती गोष्ट मोठी आहे, नंतर लिहितो.

पाणीपुरी_२
ह्यूस्टनवाले कोणी आहे का इथे? आमच्याकडे व्हिएतनामी लोकांनी क्रॉफिशचं (गोड्या पाण्यातले छोटे शेवंड) भलतंच केलंय, लसूण-लोण्यात लडबडलेलं. मालवणचे मामा आले होते. टेबलावर कागद पसरून तीन पौंड ओतले, मामांनी बाह्या सरसावल्या. अर्ध्या तासाने म्हणाले, "एवढा ढीग सोललंय, एक वाटी भरना नाय. ह्याच्यापरास कुर्ल्यो परवडल्यो." डोकी चोखायला सांगितली तर म्हणाले, ता माका शिकव नको.

कोरडा_दिवस
ऑगस्ट २००५ ला न्यू ऑर्लिन्सच्या ट्युलेन विद्यापीठात आलो होतो मास्टर्सला. वर्ग सुरू व्हायच्या आधीच कट्रिना चक्रीवादळ. एक बॅग घेऊन गाडीत बसलो ते ह्यूस्टनला एका अनोळखी मराठी घरात. सेमिस्टरच रद्द झालं. जानेवारीत परतलो. भिंतींवर पाण्याची रेघ तशीच. एक ब्रंचचं हॉटेल उघडलं होतं, मेनू एका झेरॉक्सच्या कागदावर, पाच पदार्थ, प्लेटा कागदाच्या. आत येणारा प्रत्येक जण दुसऱ्याला एकच विचारत होता, तुझं घर? मला काय खाल्लं ते आठवत नाही. वाढणाऱ्या बाईने ताटलीत न मागता एक बिस्किट (तिकडचा मऊ, छोटा पाव) जास्तीचं ठेवलं आणि म्हणाली, लान्याप.

रविवारची_झोप
बाप रे. काय लिहू कळत नाही.

मिसिसिपीकाठ
लान्याप म्हणजे वरचं फुकट. भाजीवाली जाताजाता पिशवीत कोथिंबीर टाकते ना, ते.

घोसाळं
@कोरडा_दिवस ते ह्यूस्टनचं घर अजून संपर्कात आहे का?

कोरडा_दिवस
हो तर. दर दिवाळीला फोन. काकू अजून विचारतात, जेवलास का.

चिंगी
घोसाळं, थांब थांब, तू २०१० ला बॅटन रूजच्या विद्यापीठामागच्या अपार्टमेंटमध्ये होतीस का? तलावाच्या बाजूला? मी दोन वर्षं तिथेच. गणपतीला कोणीतरी मोदकपात्र नेलं होतं माझ्याकडून.

घोसाळं
अय्या!! निळ्या झाकणाचं?

चिंगी
निळ्याच झाकणाचं!

घोसाळं
साताऱ्याला आहे. आई त्यात ढोकळा करते. मेसेज करते तुला.