मूळ टीबी-३०३ शोधावे की तिची नवी आवृत्ती घ्यावी?

मंद्रसप्तक (पुणे)

नमस्कार. मी मुळात संवादिनी वाजवणारा आहे. मुंबईचे वादक चरणजीत सिंग यांची १९८२ सालची 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही तबकडी मी उशिराच ऐकली, आणि तेव्हापासून रोलँड या जपानी कंपनीच्या टीबी-३०३ या, खर्जाचे सूर काढणाऱ्या छोट्या चंदेरी सिंथेसायझर-पेटीने मला झपाटले आहे. त्या तबकडीत टीआर-८०८ या तालयंत्राचा ठेका आणि जुपिटर-८ या सिंथेसायझरचे सूर आहेत हे मला ठाऊक आहे, परंतु भैरवी किंवा मालकंस सुरू असताना खालून जो सरपटत जाणारा खर्ज ऐकू येतो, तो ३०३ चा आहे आणि मला नेमका तोच हवा आहे.

मूळ यंत्र जपानमधून मागवायचे झाले तर खर्च काही लाखांच्या घरात जातो. रोलँडची स्वतःची टीबी-०३ त्याच्या लहानशा हिश्श्यात मिळते, बेरिंजरची टीडी-३ तर त्याहूनही स्वस्त आहे, आणि संगणकावर चालणारी प्रतिरूपे आहेतच. माझे दोन प्रश्न आहेत. या नव्या आवृत्त्यांमध्ये मूळ यंत्राचे नेमके काय उतरते आणि काय निसटते? आणि ३०३ मधील 'स्लाइड' या, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याच्या सोयीवर मींडेचा भार टाकता येईल का, की ती माझी भाबडी समजूत आहे?

खोलून_पाहतो (दादर)

मी गेली बावीस वर्षे कीबोर्ड आणि सिंथेसायझर दुरुस्त करतो. त्यामुळे माझे उत्तर थोडे लांबेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

आपण 'काय उतरते' असे विचारले आहे. त्याचे उत्तर यंत्रागणिक बदलते, कारण प्रत्येक जुन्या वाद्याचा जीव वेगवेगळ्या ठिकाणी असतो. १९७० मध्ये आलेल्या, मूग कंपनीच्या मिनीमूगचा जीव त्याच्या ऑसिलेटरमध्ये (मूळ सूर निर्माण करणारा भाग) आणि ट्रान्झिस्टरच्या शिडीसारख्या फिल्टरमध्ये (त्या सुराचा काही भाग गाळणारे सर्किट) आहे. तिथे सर्किट प्रामाणिकपणे उतरवले की बरेचसे काम होते. टीआर-८०८ मध्ये कथा निराळी आहे. तिच्या खरखरीत ध्वनींसाठी रोलँडने मुद्दाम सदोष ट्रान्झिस्टर निवडून वापरले होते, आणि पुढे ट्रान्झिस्टर बनवण्याचे तंत्र सुधारल्यावर तसा दोष असलेला माल मिळेनासा झाला. दुसऱ्या कारखान्याचा टाकाऊ माल हाच इथे कच्चा माल होता, त्यामुळे आज ८०८ घडवू पाहणाऱ्याला तो दोष कुठून तरी पुन्हा आणावा लागतो.

३०३ मध्ये, माझ्या मते, ट्रान्झिस्टरइतकाच किंवा त्याहून अधिक जीव तिच्या सिक्वेन्सरमध्ये, म्हणजे स्वरांची ओळ साठवून आपोआप वाजवणाऱ्या भागात, आहे. आवाजाची बाजू पाहिली तर यंत्र फार साधे आहे. त्यात एकच ऑसिलेटर आहे, करवती किंवा चौकोनी असे दोनच तरंग आहेत आणि एक फिल्टर आहे. एकट्या गिटारवादकाला साथीला बास मिळावा म्हणून ते काढले गेले, पण खऱ्या बास गिटारसारखे ते कधीच वाजले नाही, आणि १९८४ पर्यंत त्याचे उत्पादन बंदही पडले. मग १९८७ मध्ये शिकागोच्या फ्युचर या गटाने वाजत्या यंत्राचे नॉब फिरवत फिरवत त्यातून वेगळेच संगीत काढले.

आता 'अॅक्सेंट'कडे पाहा. एखाद्या स्वरावर अॅक्सेंट दिला की तो नुसता मोठ्याने वाजत नाही, तर फिल्टरही अधिक उघडतो. त्यामागे कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा एक भाग, आहे. तो भरतो आणि हळूहळू रिकामा होतो. लागोपाठ अॅक्सेंट आले तर तो पूर्ण रिकामा होण्याआधीच पुन्हा भरतो, त्यामुळे दुसरा अॅक्सेंट पहिल्यापेक्षा आणि तिसरा दुसऱ्यापेक्षा वर चढतो. शिवाय रेझोनन्सचा, म्हणजे फिल्टरच्या सीमेजवळचा सूर टोकदार करण्याचा, नॉब दुहेरी आहे आणि तो या चढण्याच्या आकारातही ढवळाढवळ करतो. ३०३ 'बोलते' असे जे लोक म्हणतात, ते बरेचसे या एका कपॅसिटरमुळे. नवी आवृत्ती पारखताना साधा सूर ऐकत बसू नये. एकाच स्वराचे चार-पाच अॅक्सेंट लागोपाठ लावावेत, रेझोनन्स वाढवावा आणि ओळ चढते का ते ऐकावे. ज्या यंत्रात प्रत्येक अॅक्सेंट सारखाच वाजतो, त्याच्या वेष्टनावर काहीही लिहिलेले असो, त्यात ३०३ आलेली नाही.

माझ्या टेबलावर आलेल्या यंत्रांपुरते सांगायचे तर टीडी-३ मध्ये खरेखुरे अॅनालॉग सर्किट आहे आणि ते या परीक्षेत उतरते. टीबी-०३ डिजिटल आहे, म्हणजे त्यात सर्किटच्या वागणुकीचे गणित चालते, आणि तरीही अॅक्सेंटच्या बाबतीत ती मला समाधानकारक वाटली. तेव्हा 'अॅनालॉग म्हणजे खरे आणि डिजिटल म्हणजे नकली' या वादात मी पडत नाही.

मूळ यंत्राबद्दल एक इशारा देतो. ३०३ मधल्या रचना बॅटरीच्या जोरावर टिकतात, आणि बॅटरी उतरली की स्मृतीत भलतेच स्वर येऊन बसतात. काही मंडळींना ते भलते स्वरच आवडतात, ही गोष्ट वेगळी. चाळीस वर्षांचे कपॅसिटर सुकलेले असतात, नॉब खरखरतात, आणि मुंबईच्या दमट हवेत स्विचचे संपर्क हिरवे पडतात. रोलँडच्याच जुनो-१०६ मध्ये आवाज घडवणाऱ्या चिपांवर राळेसारखा लेप आहे आणि कालांतराने त्या लेपापायीच चिपा नादुरुस्त होतात. अशा किती पेट्या मी उघडल्या आहेत ते मोजायचे सोडून दिले आहे. मूळ यंत्र घेणे म्हणजे घरात जुनी मोटार पाळणे. हौसेला मोल नसते हे खरे, पण सुट्या भागांना असते.

श्रुतिभेद (ठाणे)

वरच्या प्रतिसादात तंत्राची बाजू उत्तम आली आहे, म्हणून मी केवळ मींडेपुरते लिहितो. ३०३ च्या स्लाइडचा वेळ ठरलेला आहे आणि तो बदलण्याचा नॉब मूळ यंत्रावर नाही. षड्जावरून रिषभावर जायचे असो की पंचमावर, घसरण साधारण तेवढ्याच वेळात संपते. मींडेत आपण वाटेत रेंगाळतो, मधल्या स्वराला स्पर्श करून पुढे जातो, कधी पोहोचण्याआधी थबकतो. यातले काहीच स्लाइडला जमत नाही. दरबारीच्या गंधाराचे आंदोलन ३०३ वर काढू गेलात तर हाती निराशाच येईल.

दुसरी अडचण स्वरांची आहे. ३०३ चे स्वर समान अंतराच्या बारा पायऱ्यांवर बसवलेले आहेत, त्यामुळे तोडीचा अतिकोमल गंधार त्यावर मिळत नाही. आपण संवादिनी वाजवता, तेव्हा ही तक्रार आपल्याला नवी नसेल. चरणजीत सिंग यांनी श्रुतींचा, म्हणजे अशा सूक्ष्म स्वरभेदांचा, प्रश्न सोडवला नाही, त्यांनी तो बाजूला ठेवला आणि रागाचे चलन यंत्राच्या चौकटीत किती तग धरते ते पाहिले, असे माझे मत आहे. तबकडीची गंमतही त्या ताणातच आहे.

श्रुतीच हव्या असतील तर जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल ही चुकीची वाट आहे. कॉर्ग कंपनीच्या मोनोलॉग या सिंथेसायझरमध्ये प्रत्येक स्वर थोडा वर किंवा खाली सरकवून स्वतःची स्वरमालिका साठवता येते. तिचा आवाज ३०३ चा नाही, पण ती खरी अॅनालॉग आहे.

पेटंट_संपले (फोंडा)

दोन्ही प्रतिसाद पटले, तरी एक गोष्ट खटकते. स्वस्त प्रतिकृतींची शिफारस करताना त्यामागचा प्रश्न कुणी काढलाच नाही. ज्यांनी मूळ वाद्य घडवले त्यांच्या वाट्याला काही न जाता दुसरीच कंपनी त्यावर धंदा करते, हे योग्य आहे का?

कायद्याने पाहिले तर उत्तर सोपे आहे. मूगच्या फिल्टरचे पेटंट १९६९ चे होते आणि ते केव्हाच संपले. हा उद्योग पहिल्यापासून सोवळा होता असेही नाही. मूगची प्रतिस्पर्धी कंपनी एआरपी हिने मूगच्या शिडीसारखा फिल्टर वापरला होता आणि नंतर तो बदलून स्वतःचा वेगळा बसवला. तरीही मूळ माणसांना सोबत घेऊन केलेल्या कामाचा दर्जा मला वेगळा वाटतो. कॉर्गने २०१३ मध्ये आपल्या एमएस-२० या जुन्या सिंथेसायझरची एमएस-२० मिनी ही आवृत्ती काढली तेव्हा १९७८ च्या मूळ यंत्राचे अभियंते त्या कामात होते. यंत्राचा आकार मूळच्या ८६ टक्के केला, पण फिल्टरसाठी सुरुवातीच्या मूळ यंत्रांतलीच रचना निवडली. २०२० च्या प्रॉफेट-५ या सिंथेसायझरच्या नव्या आवृत्तीमागे तर मूळ वाद्याचे निर्माते खुद्द डेव्ह स्मिथ होते. त्यांच्या १९७८ च्या वाद्याच्या वेगवेगळ्या पिढ्यांत वेगवेगळ्या चिपा होत्या आणि जाणकारांत त्यावरून भांडणे होत. नव्या यंत्रात दोन्ही घराण्यांचे फिल्टर दिले आहेत आणि कळ दाबून त्यांतला एक निवडता येतो. त्याशिवाय पाचही आवाजांनी जुन्या यंत्रासारखे एकमेकांपासून किती ढळावे हे ठरवणारा 'व्हिंटेज' नावाचा नॉब आहे. ज्या दोषापायी तंत्रज्ञ रात्री जागले, त्या दोषासाठी आता वेगळा नॉब लावावा लागतो, याचे मला राहून राहून हसू येते.

खोलून_पाहतो (दादर)

आपला मुद्दा मान्य आहे, पण एक बाजू राहिली. रोलँडने ३०३ चे अॅनालॉग सर्किट स्वतः पुन्हा काढले असते तर मी तेच सुचवले असते. ते काम २००५ मध्ये आधी हौशी लोकांनीच केले. एक्स-झिरो-एक्स-बॉक्स नावाच्या संचाचे सगळे आराखडे खुले होते आणि लोकांनी घरी बसून सोल्डर करून ती पेटी बांधली. त्यातील मोठी डोकेदुखी होती उत्पादन थांबलेली बीए-६६२ ही चिप. तिच्या जागी काय बसवावे यावर लोकांनी जेवढा खल केला, तेवढा आमच्या इमारतीच्या सभेत पाण्याच्या टाकीवरही होत नाही.

मंद्रसप्तक (पुणे)

सर्वांचे मनापासून आभार. मींडेची माझी समजूत भाबडीच होती हे कळले. तरी काल एका स्नेह्यांकडे टीडी-३ हाताळायला मिळाली. आपण सांगितल्याप्रमाणे एकाच षड्जावर पाच अॅक्सेंट लावले आणि रेझोनन्स वाढवला, तेव्हा तिसऱ्या अॅक्सेंटपासून ओळ स्पष्टपणे चढू लागली. मग मालकंसाचे पाच स्वर बसवले आणि मध्यमावरून षड्जावर उतरताना स्लाइड दिली. ती मींड नव्हती, पण ऐकायला वाईटही नव्हती.

तूर्त टीडी-३ घेतो आणि वरची सुरावट संवादिनीवर वाजवतो. एकच शंका उरली आहे. माझी संवादिनी काळी एकला जुळलेली आहे, परंतु तिचा सूर ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुरापेक्षा किंचित चढा आहे. यंत्र तेवढे वर जुळवता येईल का?

खोलून_पाहतो (दादर)

येईल. ट्यूनिंगचा नॉब त्यासाठीच आहे आणि त्याला पुरेसा वाव आहे. मात्र यंत्र सुरू करून दहा-पंधरा मिनिटे तापू द्यावे आणि मगच संवादिनीशी जुळवावे, नाहीतर पहिला आलाप संपेपर्यंत ते पुन्हा सरकलेले असेल.