'लाइव्ह-ॲक्शन'ला 'सजीव' म्हटलं तर चालेल का?

हरिपूर_रोड
सांगलीतल्या एका हौशी मंडळाच्या चित्रपटाचं पत्रक मराठीत करायचं आहे. मुलांचं लाडकं अद्भुत पुस्तक. त्यात माणसाएवढं बोलणारं पाणमांजर, बोटाएवढा माणूस आणि चिडकी नदी. इंग्रजी मसुद्यात 'लाइव्ह-ॲक्शन ॲडॅप्टेशन' असं आहे. त्याचं 'सजीव रूपांतर' केलं, तर मंडळातल्या एकाने शेरा मारला, 'मग पुस्तक काय निर्जीव होतं?' नेमका शब्द सुचवा. शुक्रवारी छपाई आहे.

अनुस्वार
'सजीव' नकोच. 'जिवंत'ही नको. 'प्रत्यक्षाभिनयपट' असा सरळ समास करा. कॅमेऱ्यासमोर नट प्रत्यक्ष अभिनय करतो, अर्थ चोख. बोलपट, मूकपट रुळले, तसा हाही रुळेल.

गावभागकर
प्रत्यक्षाभिनयपट! अहो, तिकीट मागतानाच पोरांची बोबडी वळेल. गणपतीत बघा की, मंडळांनी हा घोळ कधीच निस्तरलाय. माणसं उभी राहून प्रसंग करतात तो सजीव देखावा. मोटरवर पुतळ्याची मान फिरते तो हलता देखावा. पहिल्याला सजीव म्हटलं म्हणून दुसऱ्या मंडळानं भांडण काढलेलं ऐकलंय का कुणी?

पडद्यामागचा
देखाव्यात ती रेघ स्वच्छ आहे, सिनेमात राहिलेली नाही. २०१६चा 'द जंगल बुक' लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत झाला. मोगली झालेला नील सेठी खरा, जंगल आणि जनावरं संगणकातली. तरी तो लाइव्ह-ॲक्शन. २०१९च्या 'द लायन किंग'लाही लोक तेच म्हणाले आणि त्यात खऱ्या कॅमेऱ्याने टिपलेला शॉट एकच आहे. गोल्डन ग्लोबचं नामांकन मिळालं तेही ॲनिमेशनच्या गटात. म्हणजे इंग्रजीतच हा शब्द 'खऱ्यासारखं दिसणारं' इथवर घसरलाय. आपण कशाला घसरलेल्या अर्थामागे धावायचं? हरिपूर_रोड, पाणमांजर कसं करताय ते सांगा, मग शब्द बघू.

हरिपूर_रोड
लांबच्या शॉटला फरचं सोंग चढवलेला मुलगा. जवळच्या शॉटला वायरवर चालणारं वेगळं डोकं. बोटाएवढा माणूस क्रोमावर, म्हणजे हिरव्या पडद्यासमोर टिपून मागचं दृश्य नंतर जोडायचं. नदी छोट्या प्रतिकृतीत.

अनुस्वार
सोंग? पोशाख म्हणा. सोंग म्हणजे ढोंग.

गावभागकर
मग सोंगी भजनाला पोशाखी भजन म्हणायचं का? सोंगाड्याला पोशाखाड्या? सोंग नुसतं अंगात घालायचं नसतं, ते वठवायचं असतं. 'सूट'मध्ये तो अर्थ नाही आणि 'पोशाखा'त तर त्याहून नाही.

राजवाडा_चौक
शब्द काहीही ठेवा, आत लहान मूल घालू नका. फोम आणि फरच्या आत पंधरा-वीस मिनिटांत घामाच्या धारा लागतात. डोक्यातून दिसतं तेही बहुतेक तोंडाच्या फटीतून, डोळ्यांतून नाही. बारीक चणीचा मोठा माणूस घ्या, आत सुती अस्तर लावा, दर शॉटनंतर डोकं काढता येईल अशी जोडणी ठेवा. नायिका लहान मुलगी असणार, तिच्यासाठी नियम वेगळे आहेत. दिवसात ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपलीकडे नाही. पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती. मानधनाचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. आणि हे सगळं जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीनंतर. वेळापत्रक आखताना आधी हे मांडा. नाहीतर पाणमांजर तयार, ऊन उत्तम आणि मुलीचे तास संपलेले, असं होतं.

पडद्यामागचा
डोक्याबद्दल. जबडा, पापण्या आणि भुवया एवढंच हलतं ठेवा. सायकलच्या ब्रेकची वायर बाहेरच्या नळीसकट चालते. वळण जितकं आवळ, तितकं घर्षण जास्त. म्हणून वायर ऐसपैस वळणानं न्या आणि लांबी दीड-दोन मीटरच्या आत ठेवा. नाहीतर दांडा ओढल्यावर जबडा मागाहून उघडतो आणि वाक्य पुढे निघून जातं. मिटायला स्प्रिंग हवीच. मोटर लावली तर तिची घरघर ध्वनिमुद्रणात येते, मग डबिंग अटळ.

पण खरं फसतं ते चालवणाऱ्याच्या हातात. तो प्रत्येक अक्षराला जबड्याची उघडझाप करत बसतो आणि पाणमांजर सुपारी चघळल्यासारखं दिसतं. स्वर लांबला की उघडायचं. प, फ, ब, भ, म आले की मिटायचंच. 'मामा, पाणी भरलं' एवढ्या वाक्यात तोंड चारदा मिटलं पाहिजे. बाकीच्या चुका प्रेक्षक पोटात घालतो, 'म'ला उघडं राहिलेलं तोंड त्याला लगेच खटकतं. तेव्हा संवाद लिहिणाऱ्याला सांगा, जवळच्या शॉटमध्ये पाणमांजराला ओष्ठ्य अक्षरं बेतानंच द्या. 'बापरे' ऐवजी 'अगं आई'.

कृष्णामाई
सगळे 'लाइव्ह-ॲक्शन'ला चिकटलात, 'रूपांतर' तसंच सुटलं की! हरिपूरच्या देवलांचं 'झुंझारराव' हे 'ऑथेल्लो'चं रूपांतर. माणसं आपली, बोलणं आपलं. आपल्या टेंभूच्या आगरकरांनी १८८३मध्ये 'हॅम्लेट' मराठीत आणलं, त्याला 'भाषांतर' म्हटलं. नाटकवाल्यांच्या या गावात 'रूपांतर' वाचलं की परकी गोष्ट देशी केली असंच वाटणार. इथं पुस्तकही मराठी, चित्रपटही मराठी. बदलतंय ते माध्यम. 'माध्यमांतर' लिहा.

हा शब्द करारातही नेमका हवा. चित्रपटाचे हक्क लेखी घ्या आणि मुदत व प्रदेश दोन्ही लिहा. आपल्या कायद्याप्रमाणे मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. चित्रपट रखडला की पाच वर्षं कधी सरतात कळत नाही.

राजवाडा_चौक
ताई, 'माध्यमांतर' वाचून पालकांना वाटेल की पोरगं मराठीतून सेमीत घातलं. सरळ 'अमुक पुस्तकावरून' म्हणा. 'वरून' या तीन अक्षरांत सगळं येतं. किती घेतलं, किती गाळलं, याची जबाबदारीही अंगावर येत नाही.

कृष्णामाई
तेच तर वाईट! गाळलेल्याची जबाबदारी यायलाच हवी. पटकथेचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट. दोनशे पानांचं पुस्तक दोन तासांत बसवायचं तर काहीतरी जाणारच. पण मुलांना पुस्तक तोंडपाठ असतं. उपकथानक गेलेलं ती चालवून घेतात, पाणमांजराचं ठरलेलं वाक्य गेलं तर चित्रपटगृहात ओरडून सांगतात.

हरिपूर_रोड
बोटाएवढ्या माणसाचं कसं जमवायचं? त्याला लांब उभा करून लहान दाखवता येईल, असं एकजण म्हणतोय.

पडद्यामागचा
अर्धा दाखवायचा असेल तर जमेल. दुप्पट अंतरावर उभा करा, भिंगाचं छिद्र बारीक करून दोघंही फोकसमध्ये धरा, प्रकाश भरपूर ठेवा. बोटाएवढ्याला ही युक्ती पुरत नाही. हिशेब करा. ६४ इंचांचा माणूस ४ इंचांचा दिसायला हवा, म्हणजे प्रमाण १६ पट. तो ज्याला हात लावतो ती प्रत्येक वस्तू १६ पट मोठी बनवावी लागते. ५ सेंटिमीटरची काडेपेटी ८० सेंटिमीटरची होते. बाकी सगळं क्रोमावर. नट पडद्यापासून आठ-दहा फूट पुढे हवा, नाहीतर केसांच्या कडेला हिरवी झाक येते आणि ती काढता काढता केसच जातात.

नदीची प्रतिकृती सोळाव्या हिश्शाची असेल तर चित्रीकरण चौपट वेगानं, सेकंदाला २४ ऐवजी ९६ फ्रेम. सोळाचं वर्गमूळ चार, म्हणून. तरी खात्री नाही, कारण प्रतिकृती लहान होते, पाण्याचा थेंब होत नाही. मोठमोठ्या थेंबांचा पूर पाहिला की बादली आठवते. जागा आणि पैसा असेल तर निदान चौथ्या हिश्शाची करा. त्याला ४८ फ्रेम पुरतील.

अनुस्वार
वायरवरच्या डोक्याला तरी मराठी शब्द द्या. 'कळसूत्री' आयता आहे. १८४३मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' करणाऱ्या विष्णुदास भाव्यांनी कळसूत्री बाहुल्याही केल्या होत्या. गावचाच शब्द.

राजवाडा_चौक
सूत्र म्हणजे दोरा. मोटर लावली की सूत्र कुठलं?

अनुस्वार
कळ उरतेच की. कळ म्हणजे यंत्राची किल्ली. 'कळीचा मुद्दा'मधली तीच ही.

गावभागकर
आणि 'कळीचा नारद'?

कृष्णामाई
ती कळ भांडणाची. 'कळ लावणे'मधली. किल्लीशी तिचा संबंध नाही.

राजवाडा_चौक
'कळीचा मुद्दा'चंही मला पटत नाही. कळफलकावरच्या 'कळा' म्हणतो ना आपण? मग वीट, विटा, विटेचा तसं कळ, कळा, कळेचा व्हायला हवं. 'कळीचा' आलं कुठून?

अनुस्वार
'कळा' हे अनेकवचनच अलीकडचं असेल. जुन्या लेखनात 'कळी दाबल्या' मिळतं का ते बघायला हवं.

गावभागकर
कळी दाबल्या? ते तर मोगऱ्याचा गजरा चुरगळल्यासारखं वाटतंय ओ.