नोकरी सांभाळून ऑनलाइन मास्टर्स करायचं, तर त्यासाठी कर्ज काढावं का?

वागळे_इस्टेट (मूळ धागा)

ऐरोली, घणसोली, महापे या पट्ट्यात नोकरी करणाऱ्या तिशी-पस्तिशीतल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात सध्या ऑनलाइन एमबीए, एमसीए किंवा एम.कॉम. घोळतंय. नुसती चौकशी केली तरी समुपदेशकांचे फोन सुरू होतात, आणि अभ्यासक्रमात काय आहे हे कळायच्या आधी हप्ता किती बसेल ते कळतं.

माझं मत स्पष्ट आहे. घराचा हप्ता आणि मुलांची फी चालू असताना मास्टर्ससाठी आणखी कर्ज काढू नये. इग्नू, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण (पूर्वीचं आयडॉल, आता सीडीओई) यांपैकी एक निवडावं, आणि पगारातून जेवढी फी निघते तेवढंच करावं.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२०च्या नियमावलीप्रमाणे मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष धरली जाते. सप्टेंबर २०२२मध्ये यूजीसीने ते पुन्हा जाहीरही केलं. मग कायद्याने सारख्याच असलेल्या दोन पदव्यांसाठी फीमधला एवढा फरक का सोसायचा? इग्नूचं एम.ए. दोन वर्षांचं मिळून वीस हजारांच्या आत होतं, एमबीए साठ-सत्तर हजारांच्या घरात जातं. खासगी विद्यापीठांचं ऑनलाइन एमबीए बहुतेक ठिकाणी दीड ते अडीच लाखांना पडतं. दोन लाख रुपये १४ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी उचलले, तर महिन्याला साधारण ९,६०० रुपये जातात आणि ३० हजारांच्या वर नुसतं व्याज होतं. त्या व्याजात एक अख्खं एम.ए. होतं! आणि अभ्यास मध्येच सुटला तरी हप्ता सुटत नाही, याचा विचार सही करताना कोणी करत नाही.

वेगळं मत असेल तर जरूर मांडा, पण आकड्यांसकट.

ऐरोलीकरीण

असहमत. तुम्ही फीचे आकडे दिलेत, वेळेचा हिशेब कुठेच नाही.

मी नाव घेत नाही, पण एका स्वस्त दूरस्थ अभ्यासक्रमाला मी आधी प्रवेश घेतला होता. पुस्तकं सत्र निम्मं संपल्यावर आली. शंका विचारायला माणूस नाही. परीक्षा आठवड्याच्या मधल्या वारांना, नेमक्या आमच्या तिमाही अखेरीला. मॅनेजरकडे रजा मागायची तरी किती? शेवटी ते सोडलं आणि एका खासगी विद्यापीठाचं ऑनलाइन एमबीए घेतलं. शनिवार-रविवारी थेट तास, चुकला तर रेकॉर्डिंग, परीक्षा घरून कॅमेऱ्यासमोर, तारीख ठरावीक मुदतीत आपली आपण निवडायची. ते पूर्ण झालं, त्याच्या जोरावर दुसऱ्या टीममध्ये गेले आणि वरची श्रेणी मिळाली.

साडेसातला ऑफिसातून निघून, घरी येऊन स्वयंपाक, मुलाचा अभ्यास उरकल्यावर रात्री साडेदहाला जाडजूड पुस्तक उघडून एकटीने शिकायचं, हे सगळ्यांना जमत नाही. ज्यांना जमतं त्यांचं कौतुकच आहे. पण ज्यांना कोणीतरी मागे लागल्याशिवाय जमत नाही, त्यांनी त्या मागे लागण्याचे पैसे मोजले तर त्यात उधळपट्टी काय झाली?

वागळे_इस्टेट

ताई, पूर्ण केलंत त्याबद्दल मनापासून अभिनंदन. तरी दोन मुद्दे सोडवत नाहीत.

पहिला रजेचा. इग्नूच्या सत्रअखेरीच्या परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात, हे आधीपासून ठाऊक असतं, आणि सगळे पेपर एकाच वेळी द्यायची सक्ती नाही. दोन वर्षांचं एम.ए. चार वर्षांपर्यंत पुरवता येतं. नोकरदाराने एका खेपेला दोनच पेपर धरावेत, स्वाध्याय मुदतीत द्यावेत. स्वाध्यायांना ३० टक्के भार आहे, आणि ते दिल्याशिवाय गाडी पुढे जात नाही.

दुसरा, मागे लागणाऱ्या माणसाचा. त्यासाठी दीड लाख कशाला? ठाण्यात अभ्यासिका कमी नाहीत. विषय तेच असलेले तिघे-चौघे जमवून रविवारी सकाळी दोन तास बसलं, तर तेच काम होतं.

घणसोली_रात्रपाळी

रविवारी सकाळी दोन तास बसायचं हे लिहिणाऱ्यांना रात्रपाळी ठाऊक नसावी. आमची सुट्टी फिरती असते. मला रेकॉर्डिंगच हवं, आणि ते चांगल्या आवाजाचं हवं. ऐरोलीताईंशी सहमत.

कळव्याचा_लेखापाल

कर्जाबद्दल थोडी भर घालतो, कारण इथे अर्धवट माहितीवर सह्या होतात.

शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर प्राप्तिकरात वजावट मिळते हे खरं, पण फक्त जुन्या कररचनेत. नवी कररचना निवडलेल्यांना त्याचा काही उपयोग नाही, आणि आता बहुतेक पगारदार नव्यातच आहेत. समुपदेशक 'टॅक्समध्ये सुटतं' म्हणाला, तर आधी स्वतःची कररचना बघा.

'नो कॉस्ट ईएमआय'मध्येही (म्हणजे बिनव्याजी म्हणवल्या जाणाऱ्या हप्त्यांतही) पैसा कोणीतरी भरतच असतो. एकरकमी भरली तर फी किती, हे लेखी मागा. ती कमी निघाली, तर मधला फरक म्हणजे व्याज. कर्जाचा करार विद्यापीठाशी नसून वित्तसंस्थेशी होतो. त्यामुळे प्रवेश रद्द केला तरी वित्तसंस्था तुमच्याच मागे येते, विद्यापीठाकडून परतावा कधी मिळेल तो मिळो.

कंपनी फी भरत असेल तर फारच छान, पण त्यापोटी किती काळ नोकरी सोडता येणार नाही ते पत्रात वाचा.

महापे_भरती

मी भरतीच्या कामात आहे, म्हणून मूळ प्रश्नालाच माझा विरोध. स्वस्त की महाग हे नंतर. आधी मास्टर्स हवंय कशाला?

आमच्याकडे दहा वर्षं अनुभव असलेल्या माणसाच्या अर्जात मी आधी काम बघतो. एमबीएची ओळ शेवटी. विशिष्ट कौशल्य कमी पडत असेल, तर स्वयम आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन मंचांवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे अभ्यासक्रम फुकट शिकता येतात, एनपीटीईएलच्या प्रमाणपत्राची परीक्षा हजार रुपयांत होते. चार अभ्यासक्रम नीट करा, त्यातलं एक काम ऑफिसात करून दाखवा. दोन वर्षांची दगदग आणि घरच्यांची ओढाताण वाचते.

वाशीची_शिक्षिका

दादा, तुमचं म्हणणं खासगी कंपन्यांपुरतं. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायचं तर त्या विषयातली पदव्युत्तर पदवी लागते, नेटला (सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेला) बसायचं तर मास्टर्सला खुल्या गटात ५५ टक्के लागतात. तिथे एनपीटीईएलच्या प्रमाणपत्रावर कोणी उभंही करत नाही. माझ्यासारख्या प्राथमिक शाळेतल्या बाईला पुढे सरकायचं तर दुसरी वाट नाही, आणि आमच्या पगारात अडीच लाखांची पदवी बसत नाही. मुक्त विद्यापीठाने मराठीतून शिकायची सोय केली, म्हणून आमच्यातल्या कितीतरी जणी शिकल्या. मी मूळ धाग्याच्या बाजूने.

कोपरखैरणे_कोडर

संगणकवाल्यांसाठी आणखी एक वाट आहे, ती कोणीच मांडली नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकचं ऑनलाइन मास्टर्स इन कॉम्प्युटर सायन्स. २०१४पासून सुरू आहे, दहा विषय, एकूण खर्च सुमारे सात हजार डॉलर, म्हणजे सहा लाखांच्या आसपास. एका सत्रात एकच विषय घेता येतो, फी तेवढीच भरायची, सहा वर्षांपर्यंत मुदत. म्हणून कर्ज लागत नाही. आयआयटी कानपूरचं ई-मास्टर्स आठ लाखांच्या घरात आहे, त्याच्याशी तुलना करा.

मात्र अभ्यास कडक आहे. पहिल्या वर्षात दोन पायाभूत विषयांत किमान 'बी' श्रेणी मिळवावी लागते. सरकारी नोकरीचा विचार असेल तर परदेशी ऑनलाइन पदवीच्या समकक्षतेची चौकशी आधी करा, नंतर धावपळ नको.

वागळे_इस्टेट

सत्रागणिक फी असेल तर माझा आक्षेपच नाही. आधी पैसे भरून मग अडकणं, याला माझा विरोध आहे.

पण परदेशी नावाने गल्लत होते तीही सांगतो. जॉर्जिया टेक स्वतः पदवी देतं. काही शैक्षणिक कंपन्या मात्र परदेशी विद्यापीठांच्या नावाने इथे पदव्या विकतात, त्याबद्दल यूजीसीने डिसेंबर २०२३मध्ये इशारा दिला होता. '१० दिवसांत एमबीए'वाल्यांबद्दलही २०२४मध्ये द्यावा लागला.

खारघरची_नवखी

मला एम.ए. मानसशास्त्र ऑनलाइन करायचं आहे. एक संस्था म्हणते की जागा शिल्लक आहेत, आजच पैसे भरा.

वाशीची_शिक्षिका

अगं, थांब! पैसे भरू नकोस. जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून यूजीसीने मानसशास्त्र, पोषणशास्त्र, जैवतंत्रज्ञान अशा आरोग्याशी निगडित विषयांचे नवे प्रवेश दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने बंद केले आहेत. मानसशास्त्रच हवं असेल तर नियमित कॉलेज बघावं लागेल.

आणि कुठलाही विषय असो, यूजीसीच्या दूरशिक्षण मंडळाच्या, म्हणजे डीईबीच्या, संकेतस्थळावर त्या विद्यापीठाचं नाव, तो अभ्यासक्रम आणि ते सत्र, तिन्ही एकत्र दिसलं पाहिजे. नुसतं 'आमच्या विद्यापीठाला मान्यता आहे' हे पुरत नाही. प्रवेशाआधी डीईबी आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा नोंदणी क्रमांक, आपला आपण काढायचा, तो दुसऱ्याला काढू देऊ नकोस.

ऐरोलीकरीण

एवढं वाचूनही माझं मत बदललेलं नाही. वागळेसाहेब, तुमच्या हिशेबात अपुरा राहिलेला अभ्यासक्रम वीस हजारांचा दिसतो. माझ्या हिशेबात त्यात दोन वर्षांच्या संध्याकाळी आणि चुकलेली एक बढतीही येते.

पण महाग घ्यायचं ठरवणाऱ्यांनी डोळे झाकून घेऊ नये. पैसे भरण्याआधी एका तासाचं पूर्ण रेकॉर्डिंग मागा, गेल्या सत्राची प्रश्नपत्रिका मागा, शंकांना उत्तर कोण देतं, प्राध्यापक की विक्रीची टीम, ते विचारा. मी विचारलं होतं, म्हणूनच मी निवडलेलं ठिकाण चांगलं निघालं. जे हे दाखवायला तयार नाहीत, तिथे मीही पैसे घालणार नाही.

वागळे_इस्टेट

संध्याकाळींचा मुद्दा मान्य. तरी ज्याच्याकडे सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढलेला नाही, त्याला मी कर्जाचा सल्ला देणार नाही, रेकॉर्डिंग कितीही चांगलं असलं तरी. तुमच्या तीन मागण्यांत चौथी घालतो : फी थेट विद्यापीठाच्या खात्यात भरायची आणि पावती विद्यापीठाच्या नावाची घ्यायची, मधल्या एजन्सीच्या नावाची नाही.

घणसोली_रात्रपाळी

इग्नूच्या एम.कॉम.साठी पुढच्या जुलै सत्रात कोणी प्रवेश घेणार असेल तर कळवा. फिरती सुट्टी असलेले असतील तर आपण वेगळा गट करू, मंगळवार दुपार मला जमते.